शिवलेलं काही नको

भाई गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही त्याच्याच मोटारीत बसलो होतो. ताइफच्या इस्पितळाच्या मागच्या भिंतीलगत पहारेकऱ्याने आम्हाला मोटार लावू दिली होती. एका वेळी एकाच माणसाला आत सोडत, म्हणून कधी माझा नवरा इक्बाल आत, कधी मी आत, अशी तीन दिवस पाळी चालली होती. सकाळची वेळ होती. आमची मा मोटारीतल्या छोट्या शेगडीवर तांदळाची पेज ढवळत होती. भाईला तोंडाने काही देत नाहीत हे तिला सांगूनही तिने तिन्ही दिवस पेज केली होती. इक्बाल काचेच्या दारातून बाहेर आला आणि आमच्याकडे यायचं सोडून कोपऱ्यातल्या नळावर जाऊन तोंड धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला. माने शेगडी बंद केली. "हमे, पातेला उतरव," एवढंच ती मला म्हणाली.

त्याला आज सहा आठवडे झाले. माझा थोरला भाऊ अब्दुल लतीफ, बहरीनमधल्या मराठी माणसांना माहीत असलेला लतीफ टेलर, उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला जाताना वाटेत गेला. अंगावर एहराम असताना गेला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मक्केच्या यात्रेत पुरुषांनी अंगावर घ्यायच्या दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी म्हणजे एहराम. एक कमरेला, एक खांद्यावर. डोकं उघडं. त्या अवस्थेत मौत येणं फार थोड्यांच्या नशिबात असतं, असं इथे जो भेटायला येतो तो सांगतो. मी मान हलवते, चहा ठेवते. लोकांचं चुकत नाही. पण भाई कसा गेला हे त्यांना अर्धंच माहीत आहे, आणि उरलेलं अर्धं मला कुठेतरी लिहून टाकायचं आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. वडील मी चार वर्षांची असताना वारले. भाई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, त्याची शाळा दुसरीतच सुटली होती, तेव्हा तो बाजारातल्या एका शिंप्याकडे काज-बटणाला बसला. त्याला जेमतेम सही येत होती. पण मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरातल्या बायाबापड्यांशी भांडून त्यानेच मला मराठी शाळेत नेऊन बसवलं, कारण तीच जवळ होती आणि तिथे मास्तर रोज येत. माझा पहिला गणवेश त्याने रात्रीतून शिवला आणि वाढत्या अंगाचा म्हणून इतका ढगळ शिवला की मी तो तिसरीपर्यंत घातला. "आपल्या घरात एक तरी वाचणारा होयाच," असं तो म्हणायचा. पुढे मी मराठी घेऊन बीए झाले, लग्न होऊन इकडे आले, एका शाळेच्या ऑफिसात कामाला लागले, तोपर्यंत तो इथल्या मनामा शहराच्या एका गल्लीत दहा वर्षं मशीन मारत होता. आणि मी आल्या दिवसापासून त्याचा सगळा कागद माझ्याकडे येऊ लागला. व्हिसाचा फॉर्म, गावाहून भाभीने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र, नव्या मशीनच्या डब्यातली माहिती, औषधाची बाटली. "वाचून बोल, हमे." मी वाचून बोलायची आणि मी बोलेन ते त्याच्यासाठी अखेरचं असायचं. मला याचा अभिमान होता, हे खोटं कशाला सांगू.

दुकान म्हणजे एक गाळा. पुढे मशीन, मागे पोटमाळ्यावर तो आणि आणखी तिघे झोपायचे. शाळांचे गणवेश, अरबांचे झगे, फिलिपिनो पोरींचे ब्लाउज, सगळं शिवायचा. भाभीला इकडे आणायचं त्याला कधी जमलं नाही, फॅमिली व्हिसाची त्याची ऐपतच नव्हती. दोन वर्षांनी दोन महिने गावाला, असा त्याचा संसार. आखाती युद्धात सगळे खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून घरात बसले तेव्हा हा पठ्ठ्या लोकांना काळे पडदे शिवून देत होता. शुक्रवारी नमाजनंतर बस पकडून हमद टाउनला आमच्याकडे जेवायला यायचा, आणि जेवण झालं की माझ्या मुलीच्या, निलोफरच्या फ्रॉकची उसवलेली शिवण बघत बसायचा. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो तिच्याशी आमच्या कोकणीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. रागीट होता. एखादं गिऱ्हाईक मापापेक्षा तंग शिवायला सांगू लागलं तर कापड परत करायचा. खोकायचाही फार. कापडाचा बारीक भुगा वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्याला दमा जडला होता, पण औषधाचा फवारा तो पाहुण्यांसमोर कधी काढत नसे.

माला उमरा करवायचा हे त्याने केव्हापासून मनात घेतलं होतं कोण जाणे. गेल्या वर्षी ती व्हिजिटवर आमच्याकडे आली आणि विमानात तिचे इतके हाल झाले की परत विमानात बसायचं नाव काढू देईना. तिचे गुडघे गेलेले, तासभर सलग बसवत नाही, आणि लघवीला दर घटकेला उठावं लागतं. भाईने ऐकून घेतलं. महिन्याभराने शुक्रवारी आला तो बसने नाही. कुठल्याशा शाळेची मोडीत काढलेली मिनीबस घेऊन आला. चालवत होता दुसराच कुणी, कारण भाईकडे लायसन्स नव्हतं. "माला यातून नेनार. झोपवून," असं त्याने जाहीर केलं.

पुढचे सात-आठ महिने आमच्या गोल चौकाजवळच्या रेताड मैदानात ती मोटार उभी होती आणि आमची करमणूक चालली होती. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस गाडी शिकू लागला. टेस्टमध्ये चार वेळा नापास झाला आणि पाचव्यांदा पास झाला तेव्हा माने साऱ्या शेजाराला शिरखुर्मा वाटला. बाकांच्या जागी पलंग, पाण्याची टाकी, पडद्याआड छोटं न्हाणीघर, शेगडी. विजेचं काम आमचे शेजारी गायकवाड यांनी केलं. ते औरंगाबादकडचे, एसी दुरुस्तीत मुरलेले, भाईशी त्यांची थट्टामस्करी चाले. भाईने प्रत्येक खिडकीला अस्तर लावलेले पडदे शिवले, गाद्यांना गोट लावला, अगदी पाण्याच्या पिंपालाही टोपडं शिवलं. गायकवाड म्हणायचे, लतीफभाई, मोटारीत कुणाचं लग्न लावताय का. पलंगाच्या वर हवा यावी म्हणून गायकवाडांनी छताला झरोका पाडला आणि त्यावर प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण बसवलं. लोखंडाचं का नाही, असं इक्बालने विचारलं होतं. तर म्हणाले, अहो, तिकडे पाऊस कुठला पडणार.

पाऊस पडेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. आमच्या मनातला अरबस्तान म्हणजे सगळी तापलेली वाळू. एप्रिलात निघालो तर पाण्याच्या वीस बाटल्या घेतल्या, टोप्या घेतल्या, गरम कपडा म्हणावा तर इक्बालचं एक जॅकेट, तेही पुढच्या सीटमागे विसरून राहिलं होतं म्हणून आलं. मी सुती कपडे भरले. माने मात्र गावाहून आणलेली आपली गोधडी घेतली. तिला तिच्याशिवाय झोप येत नाही. निलोफरला गायकवाडांकडे ठेवलं आणि समुद्रावरचा लांब पूल ओलांडून आम्ही सौदीत शिरलो. भाई आणि इक्बाल आळीपाळीने चालवत होते. माझा भाऊ त्या दिवशी इतका खूश होता की त्याला खोकलाही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रियाध मागे टाकलं आणि एका पेट्रोल पंपावर थांबलो. भाई आंघोळ करून बाहेर आला तो एहराम बांधूनच. इक्बाल म्हणाला, भाईजान, एहराम बांधायची हद्द ताइफच्या पुढे आहे, अजून आठ-नऊ तास आहेत, तिथे मशीद आहे, गरम पाणी आहे. मीही तेच सांगितलं. पण आमच्या गावाकडे हाजी घरातूनच एहराम बांधून निघतात, लोक खाडीपर्यंत पोचवायला जातात, आणि भाईच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून तेच चित्र होतं. हद्द चुकून मागे राहिली तर, ही भीतीही होती. इक्बालने आपण हद्दीवरच बांधू म्हटलं तर भाई हसून म्हणाला, आळशी माणसाला सवलती बऱ्या ठाऊक असतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर शिवलेलं चढवणारा माझा भाऊ त्या दोन चादरींत असा काही वेगळाच दिसत होता... उघड्या खांद्यावर टेपचा पट्टा नाही, कानामागे खडू नाही. माने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या वाटेवर मोटार चढते आहे हे कळतही नाही. सगळा सपाट माळ, पण तास दोन तासांनी कानात दडे बसतात आणि मोटार गिअर मागू लागते. दुपार टळायच्या सुमाराला डोंगर दिसू लागले. खरे डोंगर, काळपट, एकामागे एक. आत येणारी हवा इतकी गार झाली की मी पंखा बंद केला. रस्त्याच्या कडेला कुणी गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या घेऊन बसले होते, वसंतात तिकडे गुलाब होतो. माने किती वर्षांनी डोंगर पाहिला होता. ती खिडकीशी सरकून बसली. चाकात हवा भरायला थांबलो तिथल्या पठाणाने आकाशाकडे बोट दाखवून सांगितलं, ऊपर मत जाओ, मौसम खराब है, नीचे वाले रास्ते से निकल जाओ. मक्केकडे दोन वाटा आहेत, एक खालून आणि एक उंच डोंगरमाथ्यावरून. आकाशात एका कोपऱ्याला थोडं काळं होतं, बाकी ऊन. भाई म्हणाला, इंशाल्ला कुछ नहीं होगा, और मेरी माँ को पहाड़ देखना है. आणि त्याने वरची वाट घेतली. इक्बाल रात्रभर चालवून मागे झोपला होता. मी भाईच्या शेजारी बसले होते, मीही काही बोलले नाही.

अर्ध्या तासात ऊन गेलं. आधी धुळीचा लोट आला, त्यातून मोठे थेंब, मग धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले. भाई पुटपुटत, दुआ म्हणत, हळूहळू मोटार चढवत होता. त्याने आयुष्यात कधी घाटात गाडी चालवली नव्हती. बहरीनमध्ये चढ कुठला? एका वळणावर कठड्याखाली दहा-बारा माकडं एकमेकांना बिलगून बसलेली दिसली, आणि त्याच क्षणी छतावर कुणी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. गारा. लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. वायपर एका बाजूचा तुटून लोंबू लागला. भाई खिडकीतून अर्धा बाहेर वाकून रस्ता बघत होता, उघड्या डोक्यावर गारा घेत. मी त्याला आत ओढत होते. मागे फटकन आवाज झाला आणि मा ओरडली. झरोक्याचं झाकण फुटून गारा आणि पाणी सरळ पलंगावर पडत होतं.

भाईने मोटार डोंगराच्या अंगाला लावली, हँडब्रेक ओढला आणि मी थांब म्हणायच्या आत बाहेर उडी टाकली. इक्बाल जागा होऊन जॅकेट चढवून त्याच्या मागे गेला. दोघे ताडपत्री घेऊन छतावर चढले. वारा ताडपत्री हिसकावून घेत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तो फार वाटला. खाली आले तेव्हा झरोका झाकला होता, आणि भाईच्या अंगावरच्या दोन्ही चादरींतून पाणी गळत होतं. सुती टॉवेलचं कापड ते. ओलं झालं की दगडासारखं जड आणि बर्फासारखं गार. दुसरा एहराम छतावरच्या पेटीत होता, तोही चिंब. पलंग, चादरी, कपड्यांच्या बॅगा, पडदे, सगळं भिजलेलं. पुढे वळणावर नाल्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, मागे ट्रक येऊन अडकले होते. मोटार ना पुढे जाणार ना मागे.

आत कोरड्या अशा दोनच गोष्टी होत्या. इक्बालचं जॅकेट, ज्याचं अस्तर तरी कोरडं होतं, आणि माच्या मांडीवरची गोधडी. मा कोपऱ्यात बसली होती म्हणून गोधडी वाचली. भाईचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते आणि छातीतून ती ओळखीची शीळ येऊ लागली होती. फवारा मारला. इक्बालने जॅकेट पुढे केलं. म्हणाला, भाईजान, घाला, अडचणीत चालतं, नंतर तीन रोजे ठेवा म्हणजे भरपाई होते. भाईने नुसती मान हलवली. पन्नाशीला आलेला, आयुष्यात पहिल्यांदा निघालेला माणूस, त्याला भरपाईवाला उमरा नको होता. यात त्याचा हट्ट होता, आणि तो हट्ट त्याचा एकट्याचा होता. एवढंच घडलं असतं तर मी आज काही लिहिलं नसतं.

पण मग माने गोधडी उलगडली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. त्याने ती धरली. मी पाहिलं, दोन्ही हातांनी धरली, गळ्याशी ओढून घेतली, डोळे मिटले. क्षणभरच. मग त्याच्या बोटांना ते टाके लागले असणार. हजारो धावदोरे असतात गोधडीत, आणि बोटं तर शिंप्याची. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हमे, किताबमंदी बग. गोधडी चालते काय?"

उमऱ्याच्या नियमांची एक छोटी उर्दू पुस्तिका आमच्यासोबत होती. माझं उर्दू कच्चं, अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. बाहेर गारा वाजत होत्या. एहराममध्ये मनाई असलेल्या गोष्टी, हा मथळा एका पानाच्या तळाशी सापडला. पहिलीच ओळ, सिला हुआ कपड़ा. शिवलेला कपडा. मी ती दोनदा वाचली आणि मला हायसं वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते. उत्तर सापडलं म्हणून हायसं वाटलं.

"शिवलेलं काही चालत नाही, भाई," मी म्हणाले.

त्याने गोधडी काढून माच्या मांडीवर परत ठेवली. घडी घालून ठेवली. मा काही बोलली नाही. मी त्याच्या चादरी पिळल्या, त्याच पुन्हा गुंडाळल्या. तळवे चोळले, शेगडीवर पाणी तापवून पाजलं. इक्बालने त्याला मिठी मारून धरलं. पाणी ओसरायला तीन तास लागले. त्या तीन तासांत माझा भाऊ आधी खूप कापला आणि मग कापायचा थांबला, आणि आम्हाला वाटलं आता बरं वाटत असेल.

मोटार इक्बालने इस्पितळात नेली. तिथे नर्सनी त्याच्या चादरी काढून हिरवा गाऊन चढवला. शुद्धीत असता तर त्याने काय केलं असतं कोण जाणे. तोंडावर ऑक्सिजन, डोळे अर्धवट उघडे, आणि उजवा हात सारखा डाव्या खांद्याच्या शिवणीकडे जायचा. अंगठा आणि पहिलं बोट, दोरा धरून ओढायचं, पुढचा टाका. मी त्याला गणवेश उसवताना हजारदा पाहिलं होतं. केरळची एक सिस्टर होती, तिला वाटलं सलाइन उपटतोय, तिने हात पट्टीने बांधून टाकला. मी तिला हिंदीत सांगितलं, सिस्टर, दर्जी है, वो सिलाई खोल रहा है. मग तिने पट्टी थोडी सैल केली. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने खांद्यावरची चार बोटं शिवण उसवली होती.

एहराममध्ये गेलेल्याला त्याच्याच चादरींत पुरतात, अत्तर लावत नाहीत, डोकं झाकत नाहीत. त्या चादरी मी मोटारीतल्या पडद्यांच्या दांडीवर वाळवल्या होत्या. इक्बालने दफन करून आल्यावर सांगितलं की चेहरा शांत होता. मा म्हणाली, उघड्या डोक्यान गेला, थंडी वाजत नसल ना. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने ओढणी तोंडावर ओढली. परतीची हजाराच्या वर किलोमीटरची वाट इक्बालने एकट्याने चालवली. ते सगळे अस्तरवाले पडदे दोन्ही बाजूंनी हलत होते. मा एकदाही आडवी झाली नाही.

इकडे आल्यावर लोक आले. गावाहून फोनवर भाभी रडली आणि म्हणाली, निदान त्याने नेम मोडला नाही. हे मीच तिला सांगितलं होतं. सगळ्यांना मीच सांगत होते, की त्याला जॅकेट दिलं तर घेतलं नाही, गोधडी दिली तर परत केली, असा पक्का. गायकवाड दोनदा येऊन बसले. घरात शिरले की आधी आमच्या छताकडे बघायचे. म्हणाले, वहिनी, लोखंडाचं झाकण बसवलं असतं तर... मी त्यांची समजूत काढली. इक्बाल म्हणतो, मी जागा असतो तर खालच्या वाटेने नेली असती. त्याचीही काढली. समजूत काढणारीच्या अंगी एक मोठेपणा येतो, तो मला काही दिवस पुरला.

गेल्या आठवड्यात मोटार साफ करायला गेले. गिऱ्हाईक आलं आहे, द्यायची आहे. भिजून फुगलेली ती पुस्तिका गादीखाली मिळाली. पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणून चाकूच्या टोकाने एकेक सोडवत उन्हात बसले. त्या मथळ्याचं पान आलं. सिला हुआ कपड़ा. पान उलटलं, तर पुढच्या पानाच्या वरच त्याच वाक्याचा उरलेला भाग होता. अंगाच्या मापाने बेतलेला कपडा, असा त्याचा अर्थ. सदरा, पायजमा, कोट. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की रजई, कांबळं, गोधडी, त्यांना शिवण असली तरी अंगावर घ्यायला हरकत नाही. फक्त डोकं उघडं ठेवावं.

मी ते अक्षर अक्षर लावून चार वेळा वाचलं. गोधडीला कुठे माप असतं? हे तर कुणालाही कळावं. शिंप्याला तर कळावंच, पण त्याने स्वतःच्या हातापेक्षा माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला. एक पान होतं. एक पान उलटायचं होतं, भाई, आणि मी उलटलं नाही. मी तिथेच उन्हात बसून मोठ्याने रडले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

इक्बाल म्हणाला, माला सांगू नकोस. ती पुढच्या गुरुवारी गावाला निघाली आहे, आपला मुलगा नेम पाळून गेला एवढं घेऊन जाऊ दे तिला. मलाही ते पटलं होतं. दोन दिवस मी पुस्तिका कपाटात कुलपात ठेवली. पण मा बॅग भरत होती, आणि गोधडी हातात घेऊन मला म्हणाली की ही आता माझ्याबरोबर पुरा, लतीफला जी चालली नाही ती मला अंगावर घेववत नाही. एप्रिलपासून ती रोज एसीत नुसत्या ओढणीवर झोपत होती. मला माहीत होतं, पण का ते मी कधी विचारलं नव्हतं. मग माझ्याने राहवलं नाही. पुस्तिका आणून ते पान तिच्यापुढे उघडलं. उर्दू तिला माझ्यापेक्षा बरं येतं, मदरशात शिकलेली आहे. तिने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. मी तिच्या पायाशी बसले. ती मारेल, शिव्या देईल, काहीही करील, असं मला वाटत होतं, आणि खरं तर तेच हवं होतं.

तिने पान मिटलं.

"मना तवाच वाटलं होतं," ती म्हणाली. "तुजा आजा हजला गेला, तवा मीच त्याला गोधडी शिवून दिली होती. अंगावर घेऊन झोपलेला, परत येऊन सांगलान. माज्या तोंडाशी आलं होतं. पन तू किताब वाचून बोललीस. मना वाटलं, तू शिकलेली, आमी काय बोलनार."

आवाजात राग नव्हता. तिने गोधडी बॅगेत घातली, वर आपले कपडे रचले आणि चेन ओढली. मी माफी मागितली, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून उठली आणि नमाजाआधीचं वजू करायला गेली.

काल संध्याकाळी तिचं इंग्रजीतलं तिकीट आलं. मी तिच्या शेजारी सोफ्यावर बसले होते, चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. इक्बाल आत कपडे बदलत होता. माने तिकीट हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवलं. मग इक्बालला बाहेर यायला हाक मारली आणि विमान किती वाजता सुटतं ते वाचून दाखवायला सांगितलं.